त्याची लस, माझा दंड

दरवर्षी मे महिन्यात आमच्या ऑफिसात एचआरचा एक मेल येतो. सब्जेक्ट लाइनमध्ये तीन उद्गारचिन्हं, खाली इंजेक्शनचं हसरं कार्टून आणि मजकूर असा, की अमुक तारखेला कॅफेटेरियाशेजारच्या ट्रेनिंग रूममध्ये फ्लू शॉटचा कॅम्प आहे, सकाळी ११ ते दुपारी ४, खर्च कंपनीचा. या मेलचं पुढे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. तुमच्याही इनबॉक्समध्ये तो येतो आणि तुम्हीही तो माझ्यासारखाच न वाचता उडवता. खरं की नाही?

माझी कारणं पाठ होती. एक, मला काही होत नाही. दोन, झालंच तर आल्याचा चहा आणि क्रोसिन आहे. तीन, अकाउंट्समधल्या कुणालातरी लस घेतल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप आला होता म्हणे! चार, सुईची भीती. हे चौथं कारण मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय, कारण त्या न घेतलेल्या इंजेक्शनचा हिशोब कुठेतरी मांडायचाय.

तर गोष्ट माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या मित्राची. नाव लिहायचं नाही, अशी त्याची अट आहे. 'आणि मला हीरोबिरो करू नकोस' ही दुसरी अट. बत्तीस वर्षांचा, एक्सेलमधला मास्टर, डब्यातली भेंडी न मागता देणारा. तीन वर्षांपूर्वी त्याला ब्लड कॅन्सर झाला. केमोथेरपी झाली, मग धाकट्या बहिणीच्या स्टेम सेल्स त्याला दिल्या गेल्या. वर्षभर घरी काढल्यावर डॉक्टरांच्या परवानगीने तो आठवड्यातून दोन दिवस ऑफिसला यायला लागला. तोंडावर मास्क, खिशात सॅनिटायझर. कोव्हिड संपल्यावर आपण सगळ्यांनी मास्क कपाटात टाकले, त्याचा राहिला. आम्हीही हळूहळू तो मास्क बघायचं विसरलो.

तो बुधवार

गेल्या वर्षीचा जुलै. बाहेर धो धो पाऊस, हिंजवडीच्या रस्त्यावर गाड्यांची रांग, आणि दुपारी क्लायंटसमोर आमचं प्रेझेंटेशन. मला सकाळपासून कणकण होती, घसा खवखवत होता. आई म्हणाली, "अगं, आज नको जाऊस." मी म्हटलं, "आई, आजच तर जायचंय!" दोन गोळ्या घेतल्या आणि निघाले.

लॉगिन करून घरून काम करता आलं असतं. पण प्रेझेंटेशनला आपण स्वतः नाही म्हणजे काय? आपली जनरेशन तापात काम करण्याला डेडिकेशन म्हणते. बॉसही म्हणाला, "स्पिरिट हवं तर असं!" मी खूश. त्या दिवशी मी आणि तो दोन तास एकाच लॅपटॉपसमोर खांद्याला खांदा लावून बसलो होतो. तो मास्कमध्ये, मी टिश्यू पेपरमध्ये.

रविवारी रात्री त्याचा मेसेज आला. 'अ‍ॅडमिट झालोय. फ्लू. न्यूमोनियापण आहे थोडा. स्लाइड बाराचा फॉर्म्युला चुकलाय, बघ.'

मी तो मेसेज चारदा वाचला. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये गेले, पण त्याच्या खोलीत सोडत नव्हते, आणि मला खोकला असताना मी जायलाच नको होतं, हेही मला खाली पोचल्यावर सुचलं. तळमजल्यावरच्या बाकड्यावरून मी काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, फोन लावला.

"काकू, पण त्याने तर मे महिन्यातच फ्लूची लस घेतली होती ना?"

"घेतली होती गं. पण डॉक्टर म्हणतात, लस दिली आणि लस लागू पडली, या त्याच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कोव्हिडनंतर आपण सगळेच लसींचे एक्स्पर्ट झालोय, तरी मला वाटायचं, लस म्हणजे रेनकोट. घातला की भिजायचं नाही. मग याला दिलेला रेनकोट फाटका निघाला कसा? ऑगस्टमध्ये तो घरी आल्यावर त्याच्या तपासणीच्या दिवशी मी सोबत गेले आणि डॉक्टर मॅडमना सरळ विचारलं. त्यांनी आधी मला वरपासून खालपर्यंत बघितलं, मग विचारलं, "तुम्ही काय काम करता?" म्हटलं, ऑफिसात. म्हणाल्या, "मग ऑफिसच्याच भाषेत सांगते."

अख्खा स्टाफ नवा

आपली रोगप्रतिकारशक्ती म्हणजे जुनं, मुरलेलं ऑफिस. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या, गोवराची लस घेतली, दर पावसाळ्यात सर्दी झाली, या सगळ्याच्या फायली तिथल्या सीनियर पेशींनी जपून ठेवलेल्या असतात. ओळखीचा विषाणू दारात आला, की ते फाइल काढतात आणि कामाला लागतात. लस या ऑफिसला काय देते? नव्या गुन्हेगाराचा फोटो. फोटो बघून काही पेशी अँटीबॉडीज बनवायला शिकतात, त्या बी पेशी. त्यांना 'हा बघ, याच्यावर काम कर' असं सांगणाऱ्या असतात टी पेशी. या सगळ्या ट्रेनिंगला साधारण दोन आठवडे लागतात.

स्टेम सेल ट्रान्सप्लांटमध्ये आधी जबरदस्त केमोथेरपी, कधी रेडिएशनही देऊन रुग्णाची बोन मॅरो, म्हणजे हाडांमधला रक्त तयार करणारा मगज, रिकामी करतात. आजारी पेशींबरोबर ते अख्खं जुनं ऑफिसही जातं. मग दात्याच्या स्टेम सेल्स रक्त चढवतात तशा सलाइनमधून देतात. ऑपरेशन नाही, टाके नाहीत. त्या पेशी आपल्या आपण हाडांपर्यंत पोचतात आणि दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त तयार करायला लागतात. अमेरिकेत डॉ. डॉनल थॉमस यांनी १९५७ साली असे पहिले प्रयोग प्रसिद्ध केले, १९९० साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं १९८३ साली. म्हणजे तुमच्यामाझ्या जन्माच्या आधीपासून हे चाललंय, आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो, आपल्या शेजारच्या डेस्कपर्यंत ते येईपर्यंत.

पण नवा स्टाफ कामावर आला म्हणजे ऑफिस सुरू झालं असं नाही. सगळे फ्रेशर्स! जुन्या फायली बहुतेक गहाळ. बी पेशींची संख्या आणि समज पूर्वपदावर यायला कित्येक महिने, कधी वर्ष-दोन वर्षं लागतात. टी पेशींना त्याहूनही जास्त. त्यामुळे लहानपणी घेतलेल्या लसींचं संरक्षणही हळूहळू पुसलं जातं आणि धनुर्वात, घटसर्प, पोलिओ, हेपटायटिस बी, न्यूमोकोकल अशा सगळ्या लसी पुन्हा पहिल्यापासून घ्याव्या लागतात. आमचा हा बत्तीस वर्षांचा बाळ्या लसी घ्यायला मिकी माऊसची चित्रं लावलेल्या दवाखान्यात बसला होता. शेजारची चार वर्षांची पोर त्याला म्हणाली, "दादा, रडायचं नाही हां!" हा किस्सा तो अजून रंगवून सांगतो.

शॉट दिला, पण ऐकलं कुणी?

आता फ्लूच्या लसीकडे येऊ. ट्रान्सप्लांट झालेल्या माणसाला ती साधारण सहा महिन्यांनंतर द्यावी आणि मग दरवर्षी, असा जगभरातला सल्ला आहे. साथ जोरात असेल तर तीन-चार महिन्यांनंतरही देतात. सहा महिने का? इस्रायलमधल्या डॉक्टरांनी १९९३ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. ट्रान्सप्लांटनंतर सहा महिन्यांच्या आत फ्लूची लस दिलेल्यांपैकी कुणाच्याही शरीराने तिला प्रतिसाद दिला नव्हता. जसजसा काळ लोटला, तसतसा प्रतिसाद सुधारत गेला. ट्रेनिंग सेशन झालं, पण खुर्च्याच रिकाम्या असतील तर शिकणार कोण?

प्रतिसाद मोजतात कसा, हेही मी विचारलं (आता विचारायची सवयच लागली होती). रक्तातला द्रव पातळ, आणखी पातळ करत जातात आणि त्यातल्या अँटीबॉडीज कुठपर्यंत विषाणूला अडवू शकतात ते बघतात. चाळीस पट पातळ करूनही अडवलं तर पास. निरोगी मोठ्या माणसात या पातळीला फ्लू होण्याची शक्यता साधारण निम्म्यावर येते असं मानतात. म्हणजे पासही कसा, तर निम्मा! तुमच्यामाझ्यासारख्या धडधाकट माणसांमध्येसुद्धा फ्लूची लस चांगली जुळली त्या वर्षी ४० ते ६० टक्के उपयोगी पडते. विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा बसून लसीत कोणते विषाणू घ्यायचे ते ठरवते. २००९ साली पुण्याला ज्याने मास्क लावायला शिकवलं, ज्याचा देशातला पहिला बळी आपल्या याच शहरात गेला, तो स्वाइन फ्लूचा विषाणूही आता दरवर्षीच्या फ्लूचाच एक भाग झालाय, आणि लसीचाही.

आपलीच ही कथा, तर माझ्या मित्राची काय असणार? त्यात त्याच्या वाट्याला आणखी एक भानगड आली होती. नव्या स्टाफने जुनी बिल्डिंगच परकी समजून तिच्यावर हल्ला केला. ग्राफ्ट व्हर्सेस होस्ट डिसीज म्हणतात त्याला. दात्याच्या पेशी रुग्णाची त्वचा, यकृत, आतडी यांच्यावर उलटतात. त्याच्या अंगावर पुरळ उठलं होतं. आम्हाला तो 'उन्हाळी' म्हणून सांगायचा. ते शांत करायला स्टेरॉइड्स आणि प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं देतात. आता ज्या स्टाफला मुद्दाम गुंगीत ठेवलंय, तो ट्रेनिंगमध्ये काय शिकणार? बी पेशींनाच मारणारी रिटुक्सिमॅबसारखी औषधं चालू असतील तर आणखी अवघड. काकूंच्या त्या वाक्याचा अर्थ हा होता.

मग त्याने लस घेऊन उपयोग काय? मला वाटलं, मॅडम म्हणतील, 'नाइलाज.' त्या चक्क रागावल्या. "उपयोग आहे म्हणूनच देतो ना!" म्हणाल्या. २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अवयव किंवा स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालेल्या आणि फ्लू झालेल्या ६१६ जणांवर पाच वर्षं लक्ष ठेवलं होतं. ज्यांनी त्या वर्षी लस घेतली होती, त्यांच्यात न्यूमोनिया आणि आयसीयूत जाण्याचं प्रमाण कमी होतं. म्हणजे लसीने दार पूर्ण बंद केलं नाही, तरी चोराला घरभर फिरू दिलं नाही. प्रतिसाद वाढवायचे प्रयत्नही चालू आहेत. ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांना जास्त ताकदीच्या लसीचे दोन डोस दिले, तर नेहमीच्या लसीच्या दोन डोसांपेक्षा जास्त अँटीबॉडीज तयार होतात, असं २०२३ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलं. कुणाला कोणती लस, किती डोस आणि कधी, हे मात्र ज्याच्या-त्याच्या ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. नाकातून देतात ती जिवंत विषाणूची फ्लू लस अशा रुग्णांना चालत नाही. आपल्या दंडावर टोचतात तिच्यात जिवंत विषाणू नसतो. तिने फ्लू होऊच शकत नाही. अकाउंट्सवाल्याचा एक दिवसाचा ताप म्हणजे ट्रेनिंग सुरू झाल्याची खूण, एवढंच!

आणि मग माझा नंबर आला

निघताना मॅडमनी मला थांबवलं. "त्याच्या घरच्या सगळ्यांना आम्ही लस घ्यायला लावतो. आईवडील, बहीण, स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा. त्याचं शरीर लसीचं सगळं ऐकत नाही, तर निदान आजूबाजूच्यांनी ऐकावं. पण तो आठवड्यातले दोन दिवस नऊ तास तुमच्या शेजारी बसतो. तुम्ही घेतली होती?"

मी खाली बघितलं. एसीत घाम फुटणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

गाडीत मी त्याला म्हटलं, "माझ्यामुळेच झालं रे हे." तो म्हणाला, "ते कुणालाच कधी कळणार नाही. लिफ्टमधून आला असेल, कॅबमधून आला असेल. तू उगाच क्रेडिट घेऊ नकोस." हा त्याचा मोठेपणा. पण हिशोब माझा मला येतो. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या आदल्या दिवसापासून पुढचे पाच ते सात दिवस तो पसरवू शकतो. म्हणजे त्या बुधवारी 'स्पिरिट' म्हणून मी जे मिरवत होते, ते शेजारच्याच्या फुफ्फुसात गेलं असेल किंवा नसेल, जाऊ शकत होतं हे नक्की. त्याचे नऊ दिवस हॉस्पिटलात गेले, त्यातले चार ऑक्सिजनवर. काकूंनी त्या नऊ रात्री खुर्चीत काढल्या. आणि दिवाळीनंतर ठरलेलं त्याच्या बहिणीचं लग्न, जिने त्याला आपल्या पेशी दिल्या तिचं, ते तो बघेल की नाही अशी एक रात्र त्या घराने काढली. हे मला कितीतरी उशिरा, तेही काकूंकडून कळलं.

तुम्ही म्हणाल, माझ्या ऑफिसात असं कुणी नाही. नक्की? कुणाच्या घरी केमो चालू असलेले बाबा असतील, कुणाची किडनी ट्रान्सप्लांट झालेली मावशी. कुणी प्रेग्नंट असेल. कुणाचं तीन महिन्यांचं बाळ असेल, आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला फ्लूची लस देताच येत नाही. हे लोक आयकार्डवर लिहून फिरत नाहीत. आमचाही फिरत नव्हता, पुरळाला उन्हाळी म्हणत होता.

म्हणून माझे आता दोनच नियम आहेत. ताप असेल तर ऑफिस बंद, प्रेझेंटेशन गेलं खड्ड्यात, लॅपटॉप घरीही उघडतो. आणि दरवर्षी पावसाळ्याच्या आधी लस. आपल्याकडे फ्लू मुख्यतः दोनदा डोकं वर काढतो, पावसाळ्यात आणि मग जानेवारी ते मार्चच्या सुमाराला. मे महिन्यातला तो कॅम्प एचआरने उगाच ठेवलेला नसतो, हेही मला आत्ता आत्ता कळलं.

या मे महिन्यात मेल आला. तीच उद्गारचिन्हं, तेच कार्टून. मी पहिल्यांदाच त्याला रिप्लाय ऑल केलं. त्याला विचारून, त्याचं नाव न घेता, पाच ओळी लिहिल्या. आपल्यातल्या एकाची लस अर्धीच काम करते, उरलेली अर्धी आपल्या दंडावर टोचायची आहे, एवढंच. कॅम्पच्या दिवशी ट्रेनिंग रूमबाहेरची रांग कॅफेटेरियापर्यंत आली होती. बॉस माझ्या पुढे तिसरा. डोळे मिटून उभा! सुईला घाबरणारी मी एकटीच नव्हते तर.

डेस्कवर परत आले. बाही वर केलेली, दंडावर कापसाचा बोळा आणि पट्टी. त्याने मास्कमधून बघितलं आणि म्हणाला, "काय गं, भरलास शेवटी दंड?"

मग डब्यातली भेंडी पुढे सरकवली.